विनोदी चित्रपटांच्या तबकड्या : घ्याव्या की घेऊ नयेत?

ग्रंथ विकत घेताना माणूस चार पाने चाळून पाहतो, लुगडे घेताना पदर उलगडून पाहतो, आंबा घेताना देठाशी नाक नेतो. चित्रपटाची तबकडी घेताना मात्र यांपैकी काहीच करता येत नाही. ती पारदर्शक कागदात घट्ट गुंडाळलेली असते, वेष्टनावर नायकाचा हसरा चेहरा असतो आणि त्याखाली पोट धरून हसविण्याचे आश्वासन असते. कागद फोडला की दुकानदार ती परत घेत नाही. गृहस्थाने पैसे देऊन घेतलेली वस्तू खरी की नुसतीच नावाची, हे त्याला घरी गेल्यावर, आणि पुष्कळदा घरी जाऊनही, कळत नाही.

कोणत्याही चित्रपटाच्या बाबतीत हे खरे असले, तरी विनोदी चित्रपटाच्या बाबतीत त्याचे परिणाम वेगळे होतात. शोकपर्यवसायी चित्रपटाची प्रत थोडी मळकट असली, म्हणून डोळ्यांत पाणी यायचे राहत नाही. विनोदी चित्रपटाची प्रत बिघडलेली असेल, तर हसू येत नाही. आणि हसू न आल्याचा दोष प्रेक्षक प्रतीला देत नाही, चित्रपटालाच देतो. आजोबांनी मोठ्या हौसेने चॅप्लिन आणावा आणि नातवंडांनी दहा मिनिटांत जांभया देत उठून जावे, असे प्रसंग घडतात. अशा वेळी आजोबा पिढीला बोल लावतात, नातवंडे चॅप्लिनला हसतात, ती हसण्याची तऱ्हाही निराळी असते. आणि खरा अपराधी, म्हणजे ती तबकडी, यंत्रात शांतपणे फिरत राहते.

विनोदाचा प्राण वेळेत आहे. पाय घसरणे आणि माणूस पडणे यांच्यामध्ये किती क्षण जावेत, उत्तर येण्यापूर्वी किती स्तब्धता असावी, हे अनुभवी नट जन्मभर शिकत असतो. ही वेळ तबकडीवर जशीच्या तशी उतरते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. पण ती पुरती खरी नाही. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चालते. भारतात व युरोपात जी दूरदर्शन-पद्धती रूढ झाली, तिचा वेग सेकंदाला २५ चित्रे असा ठरला. म्हणून या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट घालताना बहुधा तो किंचित वेगाने धावविला जातो. शंभर मिनिटांचा चित्रपट छप्पन्न शेकडे नव्हे, अवघा चार शेकडे आखडतो आणि ९६ मिनिटांत संपतो. आवाजही, तो मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर, अर्ध्या स्वराहून थोडा कमी इतका चढतो. गंभीर चित्रपटात हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु ज्या नटाचा आवाज कानांत बसलेला आहे, तो थोडा चिरका आणि थोडा घाईत बोलू लागला, की काहीतरी चुकते आहे असे वाटते, आणि काय चुकते आहे ते सांगता येत नाही. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत हा दोष नाही, कारण तेथे काही चित्रांचे अंश पुन्हा दाखवून हिशेब जुळविला जातो. त्यामुळे लांबी तीच राहते, मात्र हालचालीत बारीक हिसका येतो. २००६ मध्ये बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीवर मूळचा २४ चित्रांचा वेग तसाच ठेवता येतो, आणि तिच्या बाजूने बोलण्याजोगी ही एक मोठी गोष्ट आहे.

मूकपटांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला कधी १६, कधी २० चित्रे घेतली जात. पुढे ते चित्रपट बोलपटाच्या यंत्रांवर २४ च्या वेगाने दाखविले गेले, आणि जुन्या काळची माणसे मुंग्यांसारखी लगबगीने चालत, असा एक गमतीदार ग्रह जगभर पसरला. स्वस्त तबकड्यांत आजही तो प्रकार आढळतो. मग सर्वच मूकपट सावकाश चालविले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल; पण तेही बरोबर नाही. पाठलागाच्या प्रसंगी चॅप्लिन, कीटन यांच्यासारखे कलावंत कॅमेरा मुद्दाम मंद फिरवीत, म्हणजे पडद्यावर तो प्रसंग वेगवान दिसे. तेव्हा कोणता वेग अपघाताने आला आणि कोणता हेतुपुरस्सर आणला, हे ओळखणारा जाणकार माणूस त्या तबकडीमागे आहे की नाही, हा खरा प्रश्न होय.

बस्टर कीटनचा १९२६ चा ‘द जनरल’ हा चित्रपट घ्यावा. अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका आगगाडीच्या पाठलागाची ही कथा. ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह या गावाजवळ तिचे चित्रण झाले आणि जळत्या पुलावरून खरे इंजिन खरोखरच नदीत कोसळविण्यात आले. मूकपटांच्या काळातील सर्वांत खर्चाचे दृश्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. हा चित्रपट अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेला आहे, त्यामुळे त्याची तबकडी कोणीही काढावी आणि कोणीही विकावी. तशा त्या पुष्कळांनी काढल्या. यांतील कित्येक प्रती नकलेच्या नकलेवरून, लहान आकाराच्या फिल्मवरून उतरविलेल्या असतात. त्यांत आकाश पांढरे फटक, चेहरे खडूने माखल्यासारखे, आणि खाली जे हाताला लागेल ते पियानोवादन. कीटनचा चेहरा न हसणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण तो निर्विकार नाही. त्याच्या डोळ्यांत प्रत्येक संकटाचा हिशेब चाललेला दिसतो, आणि सारा विनोद त्या हिशेबात आहे. डोळेच पुसले गेले असतील, तर उरतो तो केवळ टोपी घातलेला एक धावरा मनुष्य. मूळ फिल्मवरून काळजीपूर्वक उतरविलेली आणि चांगल्या संगीतकाराने साथ दिलेली तबकडी, कार्ल डेव्हिस यांनी या चित्रपटासाठी संगीत रचले आहे, चौपट किमतीला पडली तरी स्वस्त म्हणावी.

काही वेळा एकाच नावाखाली दोन चित्रपट असतात. चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ १९२५ मध्ये मूकपट म्हणून प्रकट झाला. १९४२ मध्ये चॅप्लिनने तो पुन्हा हाती घेतला, पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, संगीत दिले, काही भाग गाळला आणि शेवटचे चुंबनही काढून टाकले. पुढे हीच आवृत्ती अधिकृत ठरली आणि मूळ रूप विस्कटलेल्या प्रतींत उरले. ते केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९९३ मध्ये पुन्हा जुळविले. मूळचा चित्रपट जवळजवळ दीड तासाचा, तर नंतरचा सव्वा तासाहूनही किंचित आखूड. बुटाचे जेवण दोन्हींत आहे, पावांचे नृत्य दोन्हींत आहे. परंतु जेथे दृश्यच पुरेसे बोलते तेथे चॅप्लिनचा आवाज येऊन तेच सांगू लागला, की कीर्तनकाराने आख्यान रंगलेले असताना मध्येच अर्थ सांगावा तसे होते. अमेरिकेत २०१२ मध्ये निघालेल्या एका आवृत्तीत दोन्ही रूपे एकत्र दिली गेली. ज्या वेष्टनावर साल व लांबी दिलेली नाही, त्यात यांपैकी काय आहे हे सांगता येत नाही, आणि म्हणून वेष्टनाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अधिक मन लावून वाचावी. कचेरीतल्या कागदाप्रमाणे येथेही महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरांतच असते.

चित्राच्या स्पष्टतेविषयी मात्र सरसकट नियम सांगता येत नाही. व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे एक लाखाच्या थोडे वर. आपल्याकडील डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६ असते, म्हणजे सुमारे सव्वाचार लाखांचे. आणि ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. ही पाचपट स्पष्टता प्रत्येक चित्रपटाला हवीच असते असे नाही. मार्क्स बंधूंचा १९३३ चा ‘डक सूप’ साध्या डीव्हीडीवरही पोटभर हसवितो, कारण त्यातील बराचसा विनोद जिभेवर आणि चेहऱ्यावर आहे. याउलट फ्रेंच दिग्दर्शक जाक ताती याचा १९६७ चा ‘प्लेटाइम’. तातीने पॅरिसच्या बाहेर काचेच्या इमारतींचे एक नगरच उभारले, ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रण केले, आणि त्या खर्चाने तो कर्जबाजारी झाला. या चित्रपटात जवळून घेतलेला चेहरा शोधूनही सापडणे कठीण. पडद्यावर एकाच वेळी पन्नास माणसे वावरत असतात. डाव्या कोपऱ्यात एक वाढपी आपला फाटका कोट सावरीत असतो, मागे खुर्चीची नक्षी कोणाच्या पाठीवर उमटलेली असते, आणि यांतले काय पाहायचे ते ताती सांगत नाही. हा चित्रपट व्हीसीडीवर पाहणे म्हणजे पंढरीची वारी आगगाडीच्या खिडकीतून पाहणे होय. गर्दी होती एवढेच कळते.

याच कारणास्तव चित्राच्या कडा कापल्या जाणे हे विनोदी चित्रपटाला फार बाधते. रुंद पडद्याचा चित्रपट जुन्या चौकोनी संचावर भरून बसावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजू छाटीत. आता रुंद संच आल्यावर जुन्या चौकोनी चित्रपटाचे डोके आणि पाय छाटतात. कोणी तर छाटण्याऐवजी ओढून रुंद करतात, त्यामुळे किरकोळ अंगाचा नायकही पहिलवान दिसू लागतो. विनोदी नटाचे पाय कापणे म्हणजे गवयाचा तंबोरा काढून घेणे आहे. मूळ प्रमाण राखले आहे असे वेष्टनावर लिहिलेले असेल, तर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या दिसतील. त्या दिसल्या म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

ज्या चित्रपटांत बोलणे मुख्य, तेथे कानाची परीक्षा आधी करावी. हॉवर्ड हॉक्स यांचा १९४० चा ‘हिज गर्ल फ्रायडे’ हा पत्रकारांच्या जीवनावरचा चित्रपट विलक्षण वेगाने बोलतो. एकाचे वाक्य संपण्यापूर्वी दुसऱ्याचे सुरू होते, आणि दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केलेले आहे. हाही स्वामित्वहक्काबाहेरचा असल्याने त्याच्या स्वस्त प्रती विपुल आहेत. खरखरीत ध्वनिपट्टीवर तो ऐकला, तर दोन माणसांचे भांडण भिंतीपलीकडून ऐकल्यासारखे वाटते. परभाषेतील विनोदाला जोडलेल्या तळपट्ट्यांचे तसेच आहे. शब्दश्लेषाचे भाषांतर होत नाही हे मान्य. पण तळपट्टी नटाच्या आधी पडद्यावर आली आणि प्रेक्षक नट बोलण्यापूर्वीच हसून मोकळा झाला, हा दोष टाळता येण्याजोगा असतो.

लांबी वाढवून दिलेल्या आवृत्त्यांबद्दल थोडे सावध राहिलेले बरे. डीव्हीडीच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण २००० ते २०१० या दशकात, चित्रगृहात न दाखविलेले भाग परत जोडून विनोदी चित्रपट पुन्हा विकण्याची चाल पडली. ‘द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन’ हा २००५ चा चित्रपट ११६ मिनिटांचा होता. तबकडीवर तो १३३ मिनिटांचा झाला. संकलकाने गाळलेले सहसा गाळण्याजोगेच असते, आणि विनोदात तर विशेष. स्टॅन्ली क्रेमर यांच्या १९६३ च्या ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ची गोष्ट निराळी. तो आधी मोठा होता, मग वितरणासाठी छाटला गेला, आणि उपलब्ध तुकड्यांतून २०१४ मध्ये १९७ मिनिटांची जुळणी तबकडीवर आली. अभ्यासकाला तिचे मोल आहे. रविवारी दुपारी मंडळी जमवून पाहायला मात्र तोकडी आवृत्तीच अधिक हसविते. सुदैवाने दोन्ही एकत्र मिळतात.

दूरदर्शनवरील विनोदी मालिकांत आणखी एक फसवणूक संभवते. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ पर्यंत चाललेली अमेरिकी मालिका एका नभोवाणी केंद्रात घडते, त्यामुळे तीत त्या काळची लोकप्रिय गाणी जागोजागी वाजतात. २००७ मध्ये तिचा पहिला भाग डीव्हीडीवर आला, तेव्हा गाण्यांचे हक्क महाग पडतात म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसरेच संगीत घालण्यात आले. काही विनोद त्या त्या गाण्यावरच बेतलेले होते. ते अर्थातच निर्जीव झाले. २०१४ च्या संचात बहुतेक गाणी परत आली. तबकडीच्या बाजूने सांगण्यासारखे उदाहरणही आहे. कोरियातील युद्धावरची ‘मॅश’ ही मालिका अमेरिकेत पार्श्वभूमीला यांत्रिक हशा लावून दाखविली जाई. डीव्हीडीवर तो हशा बंद करण्याची सोय दिली गेली, आणि तो बंद केला की इस्पितळाच्या तंबूतील विनोद किती कडवट होता ते प्रथमच ऐकू येते.

आपल्याकडील परिस्थितीचा विचार करताना किमतीचा मुद्दा बराचसा निकालात निघाला होता. २००७ मध्ये एका कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी देण्यास सुरुवात केली, आणि चित्रपट ही वाण्याच्या दुकानातून आणण्याची वस्तू झाली. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा मोठाच लाभ झाला. सुट्टीत पुण्या-मुंबईला आलेला माणूस परत जाताना भाजणीच्या पिठाबरोबर ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ घेऊन जाऊ लागला. ज्या मुलांच्या कानांवर मराठी फक्त घरातच पडे, त्यांनी चाळीतली, बाजारातली मराठी लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्या तोंडून ऐकली. या तबकड्यांचे चित्र सुमार असे, कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह कायमचे चिकटलेले असे, एका डीव्हीडीवर तीन तीन चित्रपट कोंबलेले असत. तरीही त्या घेतल्या हे योग्यच झाले, कारण दुसरे काही उपलब्ध नव्हते. ‘बनवाबनवी’ १९८८ ची. तिचे मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. दोन्ही मिळाले तर एकापाठोपाठ एक पाहण्यात एक वेगळी गंमत आहे.

त्याआधीच्या काळाकडे वळले, की मन खिन्न होते. मास्टर विनायक यांचा, आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा; राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ दोन्ही १९५२ चे. भारतीय कायद्याने चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे हे सर्व आज कोणालाही काढता येतात. परंतु जे कोणालाही काढता येते, त्यावर खर्च करण्याची प्रेरणा कोणालाच नसते, आणि खर्च करायचा म्हटले तरी मूळ फिल्म चांगली हवी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांना आग लागली व जुन्या चित्रपटांच्या कित्येक प्रती नष्ट झाल्या. अशा चित्रपटांच्या बाबतीत वर सांगितलेले वेगाचे, कडांचे, स्पष्टतेचे निकष बाजूला ठेवावे लागतात. मिळेल ती तबकडी घ्यावी आणि जपावी. चांगली प्रत मुळातूनच निघू शकते, याचे उदाहरण कुंदन शाह यांच्या १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’ने घालून दिले आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याची फिल्म स्वच्छ करून घेतली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा चित्रगृहात आला. शेवटच्या महाभारताच्या प्रवेशात रंगमंचाच्या कडेला काय काय चालले आहे, ते जुन्या प्रती पाहिलेल्यांना तेव्हा नीट दिसले.

एवढे सारे पाहून झाल्यावरही विनोदी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला जाईल का, हा प्रश्न उरतोच. केवळ आश्चर्यावर उभा असलेला विनोद एकदाच चालतो. त्याच्यासाठी तबकडी घेणे व्यर्थ. तयारीवर उभा असलेला विनोद दुसऱ्या खेपेस वाढतो. कीटनच्या १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माडीच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो उभाच्या उभा वाचतो. पहिल्यांदा पाहणारा हसतो. दुसऱ्यांदा पाहणारा खांदा आणि चौकट यांच्यामधील अंतर पाहतो, ते काही बोटांचेच आहे, आणि हसता हसता त्याचा श्वास थांबतो. शिवाय विनोद एकट्याने पाहण्याची वस्तू नव्हे. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या १९३५ च्या चित्रपटातील प्रवेश मार्क्स बंधूंनी चित्रणापूर्वी नाट्यगृहांतून करून पाहिले, प्रेक्षक किती वेळ हसतात ते जोखले, आणि तेवढी जागा चित्रपटात सोडली. एकट्याने खोलीत बसून पाहणाऱ्याला त्या जागा रिकाम्या वाटतात, त्या आठ-दहा माणसांत बसल्यावर आपोआप भरतात. ज्याच्या घरी माणसे जमत नाहीत, त्याने भाड्याने आणून किंवा तारायंत्रावरून घरपोच येणाऱ्या सेवांवर पाहून भागवावे हेच व्यवहार्य होय.

त्या सेवा असताना तबकडी कशाला, असे आता सर्रास विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांचे संख्याबळ मोठे आहे. टपालाने डीव्हीडी पाठविण्यावर ज्या नेटफ्लिक्सचा पाया रचला गेला, त्या नेटफ्लिक्सने तो व्यवसाय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. तथापि करार संपला की तेथून चित्रपट नाहीसा होतो, आणि विनोदाच्या बाबतीत आणखीही एक भय असते. जून २०२० मध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेचा जर्मन पाहुण्यांवरचा भाग एका सेवेने काढून घेतला; त्यावर ओरड झाली आणि तो परत आला. मधल्या दिवसांत ज्यांच्या फडताळात ती तबकडी होती, त्यांना या प्रकाराची झळ लागली नाही. परदेशाहून तबकडी मागविणाराने मात्र विभागाची खूण पाहावी. डीव्हीडीच्या वाटणीत भारत पाचव्या विभागात येतो, ब्लू-रेच्या वाटणीत ‘सी’ विभागात. अमेरिकेची तबकडी आपल्या यंत्रावर चालेलच असे नाही. जुनी घ्यायची असेल तर ती उजेडासमोर धरावी. चकाकत्या थरात सुईच्या अग्राएवढी छिद्रे दिसली, तर ती तेथेच ठेवावी.

आणि काही वेळा थांबणे हाच शहाणपणा ठरतो. लॉरेल व हार्डी यांचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा १९२७ चा दोन रिळांचा मूकपट. दुसऱ्या रिळात एका रस्त्यावर पायफेकीची लढाई जुंपते आणि सारी आळी सायीने माखून निघते. हे रीळ हरवले होते. रॉबर्ट यंगसन यांनी १९५७ च्या आपल्या संकलनात त्यातील जेवढा भाग घेतला होता, तेवढाच जगाला माहीत होता, आणि पूर्वीच्या तबकड्यांवर तेवढाच मिळे. २०१५ मध्ये ते दुसरे रीळ अमेरिकेतील एका संग्राहकाच्या डब्यांत सापडले. २०२० मध्ये निघालेल्या ब्लू-रे संचात ते स्वच्छ करून घातलेले आहे. पाय फेकण्यापूर्वी प्रत्येक माणूस किती वेळ विचार करतो, पायाचे वजन हातावर कसे तोलतो, समोरचा शांतपणे आपली पाळी येण्याची वाट कशी पाहतो, हे आता दिसते. पहिल्या रिळातील विम्याच्या पोलिसीचा एक लहानसा प्रसंग अजून मिळालेला नाही. त्या जागी स्थिर छायाचित्रे आहेत.